सिलिकॉनचा साचा आणि रेझिनचं ओतकाम: साचा तपासल्याशिवाय रेझिनची बाटली उघडू नका

मिक्स्ड मीडियासाठी, म्हणजे वेगवेगळी माध्यमं एकत्र करून केलेल्या कलाकृतींसाठी, रेझिनचे नग ओतणाऱ्यांच्या तक्रारी ठरलेल्या असतात. नग चिकट राहिला, आत बुडबुडे आले, फुलं काळी पडली, साचाच मूळ वस्तूला चिकटून फाटला. दोष जातो रेझिनला. प्रत्यक्षात चूक बहुतेक वेळा बाटली उघडण्याआधीच झालेली असते: लाकडाची छिद्रं बंद न करता सिलिकॉन ओतलेलं असतं, अंदाजाने हार्डनर (घट्ट करणारं रसायन) घातलेला असतो किंवा ओलसर पाकळ्या वापरलेल्या असतात. रीलमध्ये ओतण्याचे तीस सेकंद दिसतात, आधीचे कित्येक दिवस दिसत नाहीत.

इथे एकच उदाहरण शेवटपर्यंत घेतो. जुन्या दारावरचं कोरीव लाकडी कमळ, ९ सेंमी व्यास, २ सेंमी उंची, पाठ सपाट. असे तुकडे पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात मिळतात. याचा एकतर्फी साचा करायचा, त्यात जरीचा तुकडा आणि पाकळ्या घालून पारदर्शक कमळ ओतायचं आणि ते रंगवलेल्या फळीवर बसवायचं.

## आधी खरेदी: कुठलं सिलिकॉन, कुठलं रेझिन

सिलिकॉन दोन जातींचं मिळतं. टिन-क्युअर (कथिलाच्या संयुगाने घट्ट होणारं) म्हणजे बहुधा पांढरं, दाट सिलिकॉन आणि सोबत छोटी हार्डनरची बाटली. त्याला हार्डनर दोन ते पाच टक्के लागतो. स्वस्त असतं, मूळ वस्तूबाबत फार नखरे करत नाही, पण किंचित आकसतं आणि साचा काही काळाने ठिसूळ होतो. प्लॅटिनम-क्युअर (प्लॅटिनमच्या संयुगाने घट्ट होणारं) बहुधा दोन समान भागांचं असतं. साचा जास्त टिकतो, आकसणं नगण्य. मात्र ते नाजूक प्रकृतीचं आहे: गंधक असलेली खेळण्याची माती, लॅटेक्सचे हातमोजे, टिन-क्युअरसाठी वापरलेली काडी किंवा कप, यांपैकी कशाचाही स्पर्श झाला तरी तेवढा भाग कधीच घट्ट होत नाही. लाकडी वस्तूवर पहिला साचा करणार असाल तर माझं मत टिन-क्युअरच्या बाजूने. पुढचे आकडेही त्याचेच आहेत.

रेझिन इपॉक्सीच घ्या. हार्डवेअरच्या दुकानात ‘फायबरचं रेझिन’ म्हणून स्वस्तात मिळतं ते पॉलिएस्टर. त्याला स्टायरीनचा उग्र वास असतो, घट्ट होताना ते बरंच आकसतं आणि ते घरातल्या खोलीत वापरण्याची गोष्टच नाही.

इशारा: पॉलिएस्टर वापरणाऱ्यांनी कोबाल्ट (घट्ट होणं वेगवान करणारं द्रव) आणि एमईकेपी (मिथाइल इथाइल कीटोन पेरॉक्साइड) हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळू नयेत. भडका उडतो, स्फोटही होऊ शकतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण मिसळायचं, हार्डनर त्यानंतर.

बाकी सामान: ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा डिजिटल काटा, नायट्राइलचे हातमोजे, रसायनाची वाफ अडवणारा कार्ट्रिजचा मास्क, सरळ भिंतींचे प्लास्टिकचे कप, सपाट कडेच्या काड्या, चौकटीसाठी सनबोर्ड (फोमचा ताठ बोर्ड), ग्लू गन. स्वयंपाकघरातला एक ग्रॅमचा काटा इथे चालत नाही. हार्डनर दहा ग्रॅम लागणार असेल तर एका ग्रॅमची चूक म्हणजे थेट दहा टक्के. कापडी मास्क किंवा एन-९५ वाफ अडवत नाही. तो घासताना उडणाऱ्या धुळीसाठी.

## टप्पा १: मूळ वस्तू तयार करा

घाईत हाच टप्पा वगळला जातो. आधी जुना रंग, तेल, मळ काढून लाकूड कोरडं करा. आरपार भोकं किंवा खोल चिरा असतील तर मेणबत्तीचं मेण भरून बुजवा. मुलांची खेळण्याची माती इथे टाळलेलीच बरी.

मग पाकळ्यांच्या कडा बघा. पाकळी आतून पोखरलेली असेल, म्हणजे तोंड अरुंद आणि आतली जागा रुंद, तर तिथे सिलिकॉन अडकतं. सिलिकॉन लवचीक असल्याने थोडा पोखर चालतो. नखाचं टोक आत जाऊन वळत असेल एवढा पोखर मात्र मेणाने अर्धा भरून घ्या.

आता लाकडाची छिद्रं बंद करायची. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून, किंवा सुतारांकडचं तयार फ्रेंच पॉलिश घेऊन, दोन-तीन पातळ हात द्या. प्रत्येक हात पूर्ण वाळू द्या. उघड्या लाकडाच्या छिद्रांत सिलिकॉन शिरलं की ते सुटत नाही, वर लाकडातली हवा बाहेर पडून साच्यात फोड उठतात. पीओपी, शाडू किंवा भाजलेल्या मातीच्या वस्तूंनाही हेच लागू.

लाख लावण्याचा आणखी एक फायदा. साचा चकाकीचीही नक्कल करतो. मूळ वस्तू खरखरीत असेल तर रेझिनचा नग धुरकट निघतो आणि लोक त्यालाही रेझिनचाच दोष समजतात. काचेसारखी चमक हवी असेल तर ती आत्ता लाकडावर आणा. नंतर पाकळ्यांच्या खाचांत घासायला जागा मिळत नाही.

शेवटी, पण टप्पा ३ मधलं तांदळाचं माप घेऊन झाल्यावरच, साचा सहज सुटावा म्हणून रिलीज स्प्रे किंवा अगदी पुसट व्हॅसलिन. जाड लावलं तर ब्रशचे फटकारेसुद्धा साच्यात उमटतील.

तपासा: लाख लावलेल्या पाठीवर, कोपऱ्यात, पाण्याचा एक थेंब ठेवा. काही मिनिटांत तो शोषला गेला तर आणखी एक हात द्या.

## टप्पा २: चौकट

तळाला लॅमिनेट लावलेला प्लाय किंवा अॅक्रिलिक शीट. काच नको, सिलिकॉन काचेला धरून बसू शकतं. कमळाच्या पाठीला दुहेरी चिकटपट्टी लावून ते तळावर घट्ट बसवा. लाकूड सिलिकॉनपेक्षा हलकं असतं. चिकटवलं नाही तर कमळ ओतता ओतता वर तरंगायला लागतं. पाठ आणि तळ यांमधली फट मेणाने बंद करा, नाहीतर सिलिकॉन खाली शिरून साच्याचं तोंडच बंद करेल.

चारही बाजूंनी १ सेंमी मोकळी जागा आणि कमळाच्या माथ्यावर १ सेंमी जाडी हवी. म्हणजे चौकट आतून ११ × ११ सेंमी आणि ३ सेंमीपेक्षा थोडी उंच. आत ३ सेंमीवर रेघ मारून ठेवा. सांध्यांवर बाहेरून ग्लू गनची सलग रेघ ओढा. केसाएवढ्या फटीतूनही सिलिकॉन रात्रभर गळत राहतं.

## टप्पा ३: सिलिकॉनचा हिशोब

चौकटीचं आकारमान ११ × ११ × ३ = ३६३ मिली. त्यातून कमळाचं वजा करायचं. पण कोरीव वस्तूचं आकारमान काढणार कसं? रिलीज लावण्याआधी चौकटीत कमळ ठेवून रेघेपर्यंत तांदूळ भरा आणि तेच तांदूळ मापाच्या भांड्यात ओतून मोजा. आपल्या कमळाचे साधारण २७३ मिली येतील, म्हणजे कमळ ९० मिलीचं.

सिलिकॉनचं वजन दर मिलीला १.१ ते १.२ ग्रॅम धरलं तर ३०० ते ३३० ग्रॅम लागेल. कपाला चिकटून राहणारं धरून ३४० ग्रॅम घ्या. डब्यावर हार्डनर ३ टक्के लिहिला असेल तर १०.२ ग्रॅम. हे प्रमाण वजनाचं असतं, थेंबांचं किंवा झाकणांचं नाही. लवकर सेट व्हावं म्हणून जास्त हार्डनर घालणाऱ्यांचा साचा लवकर सेट होतो आणि लवकर फाटतोही.

## टप्पा ४: सिलिकॉन मिसळा, ओता

कप सिलिकॉनच्या तिप्पट मोठा घ्या. तळ आणि कडा खरवडत तीन ते चार मिनिटं सावकाश ढवळा. अंडं फेटल्यासारखं ढवळलं तर हवा आत जाते. मग मिश्रण दुसऱ्या स्वच्छ कपात ओतून पुन्हा मिनिटभर ढवळा. पहिल्या कपाच्या कडेला न मिसळलेलं सिलिकॉन उरतं, ते खरवडून आत घेऊ नका.

आता एकदम ओतायचं नाही. मऊ ब्रशने कमळावर पातळ थर लावा आणि पाकळ्यांच्या खाचांत तो टोचून बसवा. बुडबुडे असतात ते इथेच. मग चौकटीच्या एका कोपऱ्यात, कमळावर नाही, फूटभर उंचीवरून बारीक धार सोडा. बारीक धारेत बुडबुडे ताणून फुटतात आणि सिलिकॉन खालून वर चढताना हवा पुढे ढकलत जातं. रेघेपर्यंत आलं की थांबा आणि चौकट टेबलावर हलकेच आपटा.

टिन-क्युअर २४ तास हलवू नका. त्याला घट्ट व्हायला हवेतला ओलावा लागतो, त्यामुळे पावसाळ्यात ते लवकर आवळतं आणि हातात वेळ कमी उरतो. प्लॅटिनम उष्णतेने लवकर होतं.

साचा काढताना आधी चौकट सोडवा, मग चारही कडा थोड्या थोड्या मोकळ्या करत जा. एका टोकाने ओढू नका.

तपासा: साच्यात बोट फिरवा. कुठेही चिकट डाग असेल तर तो आपोआप घट्ट होणार नाही. तेवढं खरवडून टाका, मूळ वस्तूचा तो भाग स्वच्छ करा, पुन्हा लाख लावा आणि नवा साचा करा. डाग लहान असला तरी रेझिनने तो झाकला जात नाही.

साचा साबणाच्या पाण्याने धुऊन उघड्यावर दोन दिवस ठेवा. टिन-क्युअरमधून अल्कोहोल बाहेर पडत असतं आणि ताज्या साच्यात ओतलेल्या रेझिनचा पृष्ठभाग त्याने बिघडतो.

## टप्पा ५: पहिलं ओतकाम पीओपीचं

या टप्प्याबाबत मी हट्टी आहे. साचा चांगला झाला की नाही हे तपासायला महागडं रेझिन वाया घालवू नका. साधारण १०० ग्रॅम पीओपीला ६०-६५ मिली पाणी. पाण्यात पावडर भुरभुरवायची, पावडरीवर पाणी ओतायचं नाही. मिनिटभर भिजू द्या, हलक्या हाताने ढवळा, साच्यात ओता. तासाभराने काढा.

पीओपीचं कमळ सगळं सांगतं. खाचांत गोल पुटकुळ्या दिसल्या तर साच्यात बुडबुडे अडकले होते. पाकळीचं टोक तुटलं तर तिथला पोखर जास्त आहे. पाठ तिरकी आली तर टेबल तिरकं आहे. हा नग फुकट जात नाही. रंग देऊन फळीवर तोही वापरता येतो आणि काही वेळा रेझिनपेक्षा चांगला दिसतो.

आता साचा स्वच्छ करून त्यात काठोकाठ पाणी भरा आणि ते पाणी काट्यावर मोजा. ९० ग्रॅम भरलं म्हणजे साचा ९० मिलीचा. रेझिन दर मिलीला साधारण १.१ ग्रॅम, म्हणजे १०० ग्रॅम लागेल. साचा एक दिवस पूर्ण वाळवा.

## टप्पा ६: आत घालायच्या वस्तू

बोगनवेल मुळातच कागदासारखी असते, ती सोपी. झेंडूच्या सुट्या पाकळ्या सिलिका जेलमध्ये आठवडाभर ठेवल्या तर रंग टिकतो. मोगरा आणि निशिगंध टाळा. मांसल पांढऱ्या पाकळ्या वाळताना तपकिरी होतातच. वाळलेली पाकळी चुरचुरली पाहिजे. वाकते आहे म्हणजे आत पाणी आहे.

कागद, छापील मजकूर किंवा पैठणीच्या जरीचा तुकडा तसाच घातला तर रेझिन शोषून तेलकट डागासारखा दिसतो. पाण्यात पातळ केलेल्या फेव्हिकॉलचे दोन्ही बाजूंनी दोन हात द्या आणि एक दिवस वाळवा. इंकजेटची छपाई पाण्याने पसरते, म्हणून लेझरची प्रत वापरा. लाकडाचे तुकडे, शंख, सुतळी यांच्यात हवा दडलेली असते. त्यांना आदल्या दिवशी रेझिनचा पातळ हात द्या. धातूचे भाग स्पिरिटने पुसले की झालं.

## टप्पा ७: रेझिन मोजा आणि मिसळा

बाटलीवर २:१ लिहिलेलं असतं. हे आकारमानाचं की वजनाचं, ते आधी वाचा. हार्डनर रेझिनपेक्षा हलका असतो, त्यामुळे आकारमानाने २:१ म्हणजे वजनाने २:१ नव्हे. उत्पादक बहुधा वजनाचं प्रमाण वेगळं देतो. समजा ते १००:४५ आहे, तर १०० ग्रॅमसाठी ६९ ग्रॅम रेझिन आणि ३१ ग्रॅम हार्डनर. हेच २:१ समजून तोललं तर हार्डनर दोन-अडीच ग्रॅम जास्त जातो आणि नग मऊ राहतो. चिकट नगांमागचं सर्वांत सामान्य कारण हेच.

खोली २२ ते २८ अंश असावी. नाशिकच्या थंडीत रेझिन दाट होतं, बुडबुडे सोडत नाही. बाटलीत पांढरे कण दिसले तर ती खराब झालेली नाही. झाकण घट्ट लावून गरम पाण्यात ठेवा, पूर्ण पारदर्शक होऊन परत खोलीच्या तापमानाला येऊ द्या. नागपूरच्या मे महिन्यात उलटी पंचाईत: तापमान दहा अंशांनी वाढलं की काम करायला मिळणारा वेळ साधारण निम्मा होतो. तिथे पहाटे काम करा.

पावसाळा वेगळाच विषय. मुंबई-कोकणात जुलैची आर्द्रता बहुतेक वेळ ८० टक्क्यांच्या वर असते. हार्डनर हवेतलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड धरतो आणि नगावर मेणचट पांढरा थर येतो. बाटल्यांची झाकणं लगेच लावा, एसी असलेल्या खोलीत ओता, साचा झाकणाच्या डब्यात ठेवा. तरीही थर आला तर कोमट पाणी आणि साबणाने धुवा. त्याच्यावर तसाच पुढचा थर दिला तर तो पापुद्र्यासारखा निघून येतो.

ढवळणं सिलिकॉनसारखंच: सावकाश तीन मिनिटं, कप बदलून आणखी एक मिनिट. रंग एकूण वजनाच्या पाच टक्क्यांच्या आतच. मायका (अभ्रकाची चमकदार) पावडर किंवा रेझिनचे रंग वापरा. पाण्याचा अॅक्रिलिक रंग जास्त झाला की नग रबरासारखा राहतो.

इशारा: मिसळलेलं रेझिन कपात ठेवून चहाला जाऊ नका. साठलेलं रेझिन स्वतःच तापतं, धूर येतो, कप वितळतो. कप तापायला लागला तर उघड्यावर फरशीवर ठेवा, कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. कातडीला लागलं तर साबण आणि पाणी. थिनर किंवा अॅसिटोन नको, त्याने ते कातडीत आणखी शिरतं. इपॉक्सीची अॅलर्जी एकदा जडली की जात नाही.

## टप्पा ८: उलटा विचार करून थर ओता

साच्याचा तळ म्हणजे नगाचा दर्शनी भाग. जे आधी ओताल ते समोर दिसेल. इथे जाणतेही फसतात आणि पाकळ्या पाठीमागे दडून बसतात.

साचा ताठ तुकड्यावर ठेवा आणि तो लेव्हलमध्ये आहे का बघा. मग तीन थर, प्रत्येक थराचं रेझिन त्या वेळी नवीन मिसळून:

१. पारदर्शक, ३० ग्रॅम. आधी ब्रशने खाचांत थोडं लावा, मग ओता. बुडबुडे टाचणीने फोडा किंवा हेअर ड्रायरची गरम हवा लांबून द्या. लायटरची ज्योत साच्याला लावू नका, सिलिकॉन भाजतं.

२. वस्तू आणि ४० ग्रॅम. पहिला थर जेलीसारखा झाला, बोटाला चिकटतो पण ओढला जात नाही, अशा वेळी (बहुधा तीन ते पाच तासांनी) चिमट्याने वस्तू तोंड खाली करून ठेवा. आधी ठेवल्या तर तरंगतात. मग रेझिन ओता.

३. पाठ, ३० ग्रॅम. पांढरा किंवा काळा रंग मिसळलेला अपारदर्शक थर. हा नसेल तर फळीवरचा गोंद आणि घासलेली पाठ समोरून दिसते.

दुसऱ्या दिवशी उशीर झाला आणि थर कडक झाला असेल तर २२० नंबरच्या पॉलिश पेपरने खरखरीत करून, पुसून मगच पुढचा ओता. प्रत्येक थरानंतर वर खोकं झाका. धूळ, केस आणि दिव्याचे किडे रेझिनवर अचूक येऊन बसतात.

## टप्पा ९: काढणं, घासणं, बसवणं

२४ तासांनी साचा वाकवून नग काढा, पण ७२ तास काही करू नका. या काळात पातळ पाकळ्या वाकू शकतात, म्हणून सपाट ठेवा. कडा घासताना पाणी वापरा: २२०, ४००, ८००, १५००, २०००, मग पॉलिश. कोरडं घासलं तर धूळ फुप्फुसात जाते.

फळीसाठी कॅनव्हास नको, वजनाने झोळ पडतो. १२ मिमी एमडीएफ किंवा प्लाय घ्या. नगाची पाठ १२० नंबरने खरखरीत करा आणि दोन भागांचा इपॉक्सी गोंद किंवा एम-सील वापरा. साधा फेव्हिकॉल रेझिनला धरत नाही. खाचांत सोनेरी रंग भरायचा असेल तर आधी नग साबणाने धुवा, नाहीतर रंग सोलून निघेल. थेट उन्हाच्या भिंतीवर लावू नका, पिवळा पडतो. आणि याच रेझिनची चहाच्या कपाखालची चकती केलीत तर गरम कपाचा ठसा उमटेल. खाण्याच्या पदार्थांसाठी वाटी वगैरे करायचा विचार सोडून द्या.

## बिघडलंच तर

पूर्ण नग मऊ पण एकसारखा असेल तर प्रमाण चुकलं. ७२ तासांनी तसाच असेल तर टाकून द्या. वरून नवा थर दिल्याने आतलं रेझिन घट्ट होत नाही. फक्त ठिकठिकाणी चिकट डाग असतील तर ढवळणं कमी पडलं. डाग खरवडा, स्पिरिटने पुसा आणि पातळ नवीन थर द्या. पाकळ्यांभोवती चंदेरी कडा दिसत असेल तर ती हवा आहे. पुढच्या वेळी पाकळी ठेवण्याआधी रेझिनमध्ये बुडवून घ्या.

उरलेलं रेझिन मोरीत ओतू नका. कपात घट्ट झाल्यावर कचऱ्यात टाका. साचा धुऊन, वाळवून, तोंड वर करून सपाट ठेवा, त्यावर दुसरा साचा रचू नका, आणि पाठीवर मार्करने तारीख आणि टिन की प्लॅटिनम ते लिहा. पुढे त्याच वस्तूचा दोन भागांचा साचा कराल तेव्हा हे लागेल: सिलिकॉन सिलिकॉनला पक्कं चिकटतं, त्यामुळे दोन भागांमध्ये रिलीज लावणं सक्तीचं, आणि टिनच्या भागावर प्लॅटिनम ओतायचं नाही.